काळोखे

त्याचं खरं आडनाव उजेडाशी नातं सांगणारं आहे, म्हणून ते इथे देत नाही. आम्ही त्याला काळोखे म्हणतो आणि ते त्याला आवडतं. आवडल्याचं तो दाखवत नाही, एवढंच. एखादी गोष्ट मनापासून पटली की चेहरा आणखी पाडायचा, ही त्याची रीत.

वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, राहणार कर्वेनगर, लग्न नाही, घरात तो आणि आई. नोकरी एका सहकारी बँकेत, अंतर्गत तपासणीच्या खात्यात. भर एप्रिलातही अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर नॉर्वेतल्या कुठल्यातरी ब्लॅक मेटल बँडचं नाव. ही नावं वाचण्यासाठी काढलेली नसतातच. वाळक्या काटक्यांचा भारा अंगणात आपटावा तशी ती दिसतात. समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त वनाधिकारी त्यामुळे बरेच दिवस त्याला जडीबुटीचा जाणकार समजत होते आणि जिन्यात गाठून अडुळशाबद्दल विचारत. यानेही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. अडुळसा निदान कडू तरी असतो.

काळोखे भुताचे सिनेमे बघत असेल असं कुणाला वाटलं तर तो दुखावतो. भूत त्याला चालत नाही. भूत आलं की त्याला कारण आलं, कारण आलं की उपाय आला, आणि उपाय आला की मागोमाग गुरुजी आले. नारायण धारपांवर त्याचा राग आहे तो याचसाठी. माणूस एवढा सुंदर अंधार उभा करतो आणि शेवटी समर्थांना बोलावून दिवा लावतो! जीएंबद्दल मात्र तो आवाज खाली आणून बोलतो. ‘काजळमाया’साठी मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांनी परत केला होता, आणि डोळ्यांवर काळा चष्मा असे. यातलं त्याला जास्त काय भावतं हे मी कधी विचारलेलं नाही.

त्याला हवा असतो तो विनाकारण काळोख. तोही प्रतवारी लावून. हंगेरीचा वेगळा, पोलंडचा वेगळा, जपानचा वेगळा. जशी घराणी असावीत तशी. कुठला कुणाचा शागीर्द, कुणी कुणाकडून धुकं उचललं, कुणाच्या काळ्यात निळं मिसळलेलं आहे, हे तो खातेवहीतली चूक दाखवावी तशा बोटाने दाखवतो. लॉ कॉलेज रोडवर चित्रपट संग्रहालयात एखादा जुना काळा-पांढरा सिनेमा असला की हा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मागे कुणी वेफर्सची पुडी उघडली, तर तो वळून बघत नाही. फक्त मान ताठ करतो. ती मान बघून पुडी आपोआप बंद होते. मी पाहिलं आहे.

अशा माणसाला लोक फार आधुनिक समजतात. मला त्याच्यात त्याचे आजोबा दिसतात. त्यांना मी पाहिलेलं नाही, पण काकूंकडून, म्हणजे त्याच्या आईकडून, पुष्कळ ऐकलं आहे. आजोबांना कांदा-लसूण चालत नसे, नातवाला सुखान्त चालत नाही. आजोबा सोवळ्यात असताना कुणी शिवलं की पुन्हा अंघोळ करत. नातवाने बघायला घेतलेल्या सिनेमात मध्येच फोन वाजला, तर तो पहिल्यापासून लावतो. ‘साटानटँगो’ या बेला तारच्या 1994 च्या चित्रपटाचं तर त्याचं वार्षिक पारायणच असतं. चित्रपट सव्वासात तासांचा. सुरुवातीलाच गोठ्यातून गाई बाहेर पडतात आणि चिखलातून गावभर हिंडतात, ते एकाच शॉटमध्ये सात-आठ मिनिटं. मग पाऊस. मग आणखी पाऊस. हा चित्रपट आपण उरलेल्या आयुष्यात दरवर्षी आनंदाने पाहू, असं सुझन सोंटाग म्हणून गेल्या आहेत. त्या म्हणाल्या, काळोखे पाळतो. पितृपक्षातला एखादा रविवार धरायचा, पडदे ओढायचे, फोन फ्रीजवर ठेवायचे, मध्ये दोनदा उठायची मुभा. निमंत्रण जवळच्या चार-पाच जणांनाच. एका वर्षी एकाने येताना बाकरवडी आणली, तर ती बाहेर चपलांपाशी ठेवायला लावली.

फोटोग्राफीत त्याचं दैवत दाइदो मोरियामा. ‘प्रोव्होक’ नावाचं एक जपानी नियतकालिक 1968-69 मध्ये निघालं, तीन अंकांत संपलं, आणि तेवढ्यात त्याने जपानच्या फोटोग्राफीचा घाट बदलून टाकला. मोरियामा दुसऱ्या अंकापासून त्यात होता. त्यांच्या शैलीचं नाव ‘आरे, बुरे, बोके’, म्हणजे खरखरीत, हललेलं आणि अस्पष्ट. ती शैली काळोखेने आपल्या भाच्याच्या मुंजीत आणली. त्याच्याकडे भारी कॅमेरा आहे, घरचाच माणूस आहे, बाहेरच्या फोटोवाल्याला कशाला पैसे, असा मेव्हण्यांनी व्यवहारी विचार केला होता. कार्यालयात हा खांबामागून ‘आरे, बुरे, बोके’ पुटपुटत फिरत होता, तेव्हा मामींना वाटलं मुलांना हाका मारतोय. आठवड्याने फोटो आले. मातृभोजनाच्या फोटोत एक पांढरा ढग आणि त्याच्या पोटात एक काळा ढग. पांढरा तो बटू, असं काहींचं म्हणणं पडलं. काहींच्या मते ती समई. फोटोंच्या मागे नावं नव्हती, कारण बेक्शिन्स्की हा पोलिश चित्रकार आपल्या चित्रांना शीर्षकं देत नसे. मेव्हणे अत्यंत सभ्य गृहस्थ. ते एवढंच म्हणाले, “कॅमेरा वॉरंटीत आहे ना?”

मोरियामाचा सगळ्यात गाजलेला फोटो 1971 चा: मिसावातलं एक भटकं काळं कुत्रं मागे वळून बघतंय. कर्वेनगरला काळ्या भटक्या कुत्र्यांची उणीव नाही, म्हणून काळोखे रात्री दीड वाजता खाली उतरला. कुत्र्याने मागे वळून पाहिलं. फक्त पाहून ते थांबलं नाही. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनासाठी रांगेत उभा असताना त्याने मला फोटो दाखवला, आणि खरं सांगतो, फोटो उत्तम होता. खरखरीत, हललेला, अस्पष्ट, आणि यावेळी तिन्ही गोष्टींना सबळ कारण होतं.

संगीताची गोष्ट जरा सार्वजनिक झाली. अमेरिकेत ‘सन’ नावाचा एक बँड आहे. हे लोक अंगभर झगे घालून, धुरात उभे राहून, गिटारचा एकेक सूर मिनिटामिनिटाचा ओढतात, तोही इतका खाली आणि इतक्या आवाजात की कानाआधी बरगडीला ऐकू येतो. त्यांच्या 2005 च्या ‘ब्लॅक वन’ या अल्बममध्ये एका गायकाला शवपेटीत बंद करून गायला लावलं होतं. त्याला बंदिस्त जागेची भीती होती, म्हणून. काळोखेने नवा सबवूफर आणला आणि एका शनिवारी दुपारी तो अल्बम लावला. पाच मिनिटांत तळमजल्यावरून वॉचमन पळत सुटला. पाण्याची मोटर कोरडी चालतेय, जळणार, असं समजून त्याने खटका बंद केला. गाणं संपेना, म्हणून त्याने बोअरचाही बंद केला. संध्याकाळी अख्ख्या इमारतीला पाणी नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चिटणीसांनी ‘तिसऱ्या मजल्यावरील संगीतसदृश प्रकार’ असा शब्दप्रयोग इतिवृत्तात घातला. काळोखे त्या इतिवृत्ताची झेरॉक्स जपून ठेवतो. त्याच्या मते त्या बँडला भारतात मिळालेली ती पहिली गंभीर समीक्षा आहे.

स्कॉट वॉकरचा 2006 चा ‘द ड्रिफ्ट’ मात्र त्याने मीटिंगनंतर हेडफोनवरच ऐकवायला सुरुवात केली. त्यातल्या एका गाण्यात, मुसोलिनी आणि त्याच्या प्रेयसीच्या अखेरीवरच्या, तालासाठी चक्क डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर गुद्दे मारलेले आहेत. हे मांसाचं कुणालाही आधी सांगायचं नाही, ऐकताना त्याचा चेहरा बघायचा, मग सांगायचं, असा काळोखेचा शिरस्ता. काकूंना त्याने एकदा हेडफोन लावला. काकूंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, “कणीक तिंबतायत. पण घट्ट भिजवलीय.” काळोखे तो दिवसभर कुणाशी बोलला नाही.

त्याचं खरं दुःख वेगळंच आहे. ज्या माणसांनी हा सगळा अंधार निर्माण केला, ती माणसं फारच बरी निघतात. बेक्शिन्स्कीचं घ्या. हाडांच्या वास्तू, सोललेले चेहरे, तांबडं आकाश. त्याच्या एका चित्राची प्रत काळोखेच्या बैठकीत लावलेली आहे, आणि नवा पाहुणा हटकून ‘मेट्रोचं खोदकाम का?’ म्हणून विचारतो. प्रत्यक्षात हा गृहस्थ मनमिळाऊ, गप्पिष्ट, विनोदी. आपली काही चित्रं लोकांना उगाच भीषण वाटतात, खरं तर ती आशादायी, काही तर गमतीची आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. ‘एलियन’मधल्या त्या लाळगळत्या प्राण्याचा जनक गीगर, त्याचं संग्रहालय आहे स्वित्झर्लंडमधल्या ग्रुयेर गावात, जे चीजसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे लोक सकाळी चीज खातात, दुपारी नरक बघतात आणि संध्याकाळी पुन्हा चीज. डेव्हिड लिंचने तर कहर केला. ‘इरेझरहेड’सारखा चित्रपट काढणारा माणूस म्हातारपणी रोज सकाळी यूट्यूबवर बसून लॉस एंजेलिसचं हवामान सांगायचा, आकाश निळं आहे म्हणून खूश व्हायचा. शिवाय 1973 पासून महेश योगींच्या पद्धतीचं ध्यान. काकूंना हे कळल्यापासून त्या लिंचला ‘आपल्या महर्षींचा शिष्य’ म्हणतात, आणि काळोखेला ते खोडून काढता येत नाही.

डेमियन हर्स्टबद्दल त्याचा आक्षेप निव्वळ तांत्रिक आहे. हर्स्टने 1991 मध्ये एक आख्खा शार्क फॉर्मॅल्डिहाइडच्या टाकीत ठेवला आणि त्याला मृत्यूविषयी लांबलचक नाव दिलं. पुढे शार्क आतून सडायला लागला, पाणी गढूळ झालं, आणि 2006 मध्ये दुसरा शार्क आणून बसवला. मग कलाकृती तीच की नवी, यावर जगभरच्या समीक्षकांनी शाई खर्चली. काळोखेने एका वाक्यात निकाल दिला: “मालमत्ता बदलली, पुस्तकी किंमत तीच ठेवली, घसारा दाखवला नाही.” त्याच्या एकूण समीक्षेत मला मनापासून पटलेलं वाक्य हेच. अंधाराबद्दल तो बोलतो तेव्हा मला संशय येतो. हिशेबाबद्दल बोलतो तेव्हा तो थोर असतो.

अशा रसिकावर ओढवणारं सगळ्यात मोठं संकट म्हणजे लोकप्रियता. ‘तुंबाड’ 2018 मध्ये आला तेव्हा थेटरात गर्दी बेताची, म्हणून काळोखेने तो मोठ्या मनाने पदरात घेतला होता. धारपांची कथा त्याच्या मुळाशी असूनही! सततचा पाऊस, ओली भिंत, खाली उतरत जाणारी विहीर. सहा वर्षांनी तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. शाळकरी पोरं रांगेत, हातात पॉपकॉर्न. काळोखे दारातून परत आला. “विटाळला,” एवढंच म्हणाला.

पण ते परवडलं, असं म्हणायची पाळी 2025 च्या ऑक्टोबरात आली. लास्लो क्रास्नाहोर्काई हा ‘साटानटँगो’ या मूळ कादंबरीचा लेखक, तारच्या चित्रपटांचा सहलेखक. हे नाव बिनचूक उच्चारता येणारा कर्वेनगरातला एकमेव माणूस हा काळोखेचा हुद्दा होता. कुणी नुसतं ‘हंगेरी’ म्हटलं तरी तो ते नाव घ्यायचा, सावकाश, एकेक अक्षर सोडवत. त्या लेखकाला नोबेल मिळालं. दुसऱ्या दिवशी बँकेत सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो. कर्ज विभागातल्या मॅडमनी विचारलं, “हे तुमचेच ना हो? ते चिखलवाले?” त्याच दिवशी भाच्याने मामाला खूश करायला म्हणून कादंबरीची इंग्रजी प्रत मागवली, आणि मुंजीचा तो पांढरा ढग आता एवढा मोठा झाला आहे की त्याने ती वाचलीसुद्धा! “मामा, भारी आहे,” म्हणून फोन केला. काळोखेने दाढी केली नाही. कुणाच्या घरी गेला नाही, गोडाचं खाल्लं नाही. त्याला सुतक म्हणायचं नव्हतं, पण आम्ही भेटायला गेलो ते बिनदुधाचा चहा घेऊनच परतलो.

त्या उदासीत त्याने एका रात्री ‘द ट्यूरिन हॉर्स’ लावला, तार आणि क्रास्नाहोर्काई यांचा 2011 चा. मी तिथे होतो. काकूंना झोप येत नव्हती, त्या येऊन सोफ्याच्या टोकाला बसल्या. काळोखेने रीतसर प्रस्तावना सुरू केली: 1889 चा जानेवारी, ट्यूरिन शहर, एक टांगेवाला घोड्याला मारतोय, नीत्शे धावत जाऊन घोड्याच्या गळ्यात पडतो आणि त्यानंतर त्याचं मन कायमचं ढासळतं. त्या घोड्याचं पुढे काय झालं, तो हा चित्रपट.

“आणि टांगेवाल्याला कुणी बोललं का?” काकू म्हणाल्या.

चित्रपटात एक बाप, एक मुलगी, एक घोडा आणि सहा दिवस. बाहेर अखंड वारा. जेवायला रोज एकेक उकडलेला बटाटा. बापाचा एक हात निकामी, त्यामुळे तो दुसऱ्या हाताच्या बोटांनी चटके खात बटाटा सोलतो. अडीच तासांत जेमतेम तीस शॉट. घोडा आधी चालायचं सोडतो, मग खायचं.

“घोडा का खात नाही, यावर खूप लिहिलं गेलंय,” काळोखे कुजबुजला. “काहींच्या मते तो नकार म्हणजे सृष्टीचाच—”

“असल्या वाऱ्यात जनावर खात नाही रे,” काकू म्हणाल्या. “बुजतं.”

काकू म्हसवडच्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या पोरवयाच्या होत्या. मिलोची भाकरी, सुकडीची रांग, छावणीत सोडलेले बैल, हे सगळं त्या आपण भाजीचा भाव सांगतो तशा सांगतात. पडद्यावर विहीर आटली तेव्हा त्या जरा पुढे सरकून बसल्या. “अशीच आटते. आदल्या दिवशी कळत नाही.” मग बाप-लेक सामान हातगाडीवर चढवतात, घोड्याला मागे बांधतात, टेकडी ओलांडून दिसेनासे होतात, आणि थोड्या वेळाने तशीच परत येतात. कॅमेरा घरातून नुसता बघत राहतो. का परत आले, चित्रपट सांगत नाही. काळोखेकडे यावरचे लेख फाइल करून ठेवलेले आहेत.

“दिघंचीपर्यंत गेलो होतो आम्ही,” काकू म्हणाल्या. “परत आलो. पुढं पण तेच होतं.”

काळोखेने रिमोट उचलला आणि पॉज दाबलं. इतक्या वर्षांत मी ते बटण त्याला दाबताना पाहिलं नव्हतं. बँकेची जुनी डायरी काढून त्याने ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली. पुढच्या महिन्यात फिल्म सोसायटीच्या चर्चेत त्याने ते ‘एका माणदेशी अभ्यासकाचं निरीक्षण’ म्हणून वाचून दाखवलं, तेव्हा दोघांनी त्या अभ्यासकाचा फोन नंबर मागितला.

चित्रपट संपला. काकूंनी चष्मा पुसला.

“चांगला आहे. पण सगळं त्या पोरीलाच करावं लागतं. पाणी तिनं आणायचं, बटाटे तिनं उकडायचे, बापाला सदरा पण तिनंच चढवायचा.” इथे त्यांनी टीपॉयवरच्या ताटाकडे पाहिलं. ते काळोखेचं होतं आणि साडेआठपासून तिथेच होतं. “यांचा पुढचा कधी येणार?”

“हा शेवटचा. यानंतर चित्रपट करणार नाही म्हणून त्याने सांगून टाकलं.”

“घोड्यासारखंच की.”

काळोखे पुन्हा डायरी शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

“आधीचा आहे एक,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढा आदर मी फक्त जीएंसाठी ऐकला आहे. “पण मोठा आहे, आई. सव्वासात तास.”

“असू दे. रविवारी लाव. डाळिंब्या सोलायच्या राहिल्यात, बसल्या बसल्या होतील.”

काळोखे गप्प झाला. त्याच्या आत आजोबा आणि तार यांची काही बोलाचाली चालली असावी. चपलांपाशी ठेवलेली ती बाकरवडी मलाही आठवली.

“डाळिंब्या चालतील,” तो शेवटी म्हणाला. “ओल्या असतात, आवाज होत नाही. शेंगा नकोत. आणि सालं टाकायला स्टीलचं ताट नको, फडकं घे.”

“फडकं घेते. दोन किलो भिजत घालते. सोलायला तू बसायचंस.”

“सात तास?”

“सव्वासात. तूच म्हणालास ना.”